विश्लेषण : फालुद्यातला सब्जा, काचेच्या बाटलीतली मुळे आणि वालधुनीचे रंगीत पाणी, यांचा संबंध काय?

सब्जाच्या पानाच्या इवल्याशा तुकड्याला प्रयोगशाळेत मुळे फुटवता येतात. ना माती, ना बी, ना फांदी. ऐकायला चमत्कार वाटणारा हा प्रयोग प्रत्यक्षात बारावीच्या अभ्यासक्रमाच्या जरा पुढचा आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरमधल्या महाविद्यालयांनी तो गांभीर्याने हाती घ्यावा, याला एक स्थानिक कारणही आहे. हे शास्त्र काय आहे, त्याला खर्च किती येतो आणि त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवावी, काय ठेवू नये?

सब्जा म्हणजेच बेसिल का?

हो. उल्हासनगर कॅम्प २ मध्ये उन्हाळ्यात फालुद्याचा ग्लास समोर आला की तळाशी काळे ठिपके असलेले बुळबुळीत दाणे दिसतात. तो सब्जा. पाण्यात पडताच बियांच्या सालीतली शर्करायुक्त द्रव्ये फुगतात आणि दाण्याभोवती पारदर्शक गोळा तयार होतो. हीच बी पेरली की जे झाड येते त्याची पाने पिझ्झ्यावर ‘बेसिल’ म्हणून पडतात. झाड एकच, शास्त्रीय नाव ऑसिमम बॅसिलिकम. अंगणातल्या वृंदावनातली तुळस ही त्याची जवळची बहीण, पण जात वेगळी.

मुळांच्या प्रयोगासाठी हे झाड सोयीचे आहे. बी कोणत्याही किराणा दुकानात मिळते, काही दिवसांत उगवते, कुंडीत वाढते आणि वर्षभर कोवळी पाने देते. दुर्मीळ वनस्पतीवर हात साफ करण्यापेक्षा सब्जावर शिकणे केव्हाही बरे.

पानाला मुळे फुटतात म्हणजे नेमके काय होते?

पानफुटी अनेकांनी शाळेत पाहिलेली असते. तिचे पान वहीत ठेवले तरी कडांना इवली रोपे फुटतात. ही करामत तिला जन्मतःच अवगत आहे. सब्जाला ती येत नाही. त्याची फांदी पाण्यात ठेवली तर सहज मुळे धरते. एकटे पान देठासह ठेवले तर देठाला कधी मुळे फुटतातही, पण कोंब नसल्याने तिथून सहसा झाड उभे राहत नाही. पानाच्या मधल्या भागाचा चौकोनी तुकडा कापून ठेवला, तर तो नुसताच सुकतो किंवा सडतो.

तरीही त्या तुकड्यातल्या जिवंत पेशींकडे संपूर्ण झाडाची जनुकीय माहिती असते. पानाची पेशी ‘पान’ म्हणून काम करते, कारण बाकीची माहिती तिने मिटून ठेवलेली असते. योग्य अन्न, योग्य संजीवक आणि जंतुविरहित जागा मिळाली, की काही पेशी पानाचे काम सोडून पुन्हा विभागू लागतात. त्यांतून कधी थेट, तर कधी आधी पेशींचा एक ओबडधोबड गोळा तयार होऊन मग मूळ बाहेर पडते. या गोळ्याला कॅलस म्हणतात.

इथे संजीवकाची भूमिका निर्णायक असते. १९५७ मध्ये फोल्के स्कूग आणि कार्लोस मिलर यांनी तंबाखूच्या ऊतींवर दाखवून दिले की ऑक्सिन आणि सायटोकायनिन या दोन संजीवकांच्या प्रमाणावर खेळ ठरतो. ऑक्सिन जास्त तर मुळे, सायटोकायनिन जास्त तर कोंब, दोन्ही बरोबरीने असतील तर कॅलस. सब्जाच्या पानाला मुळे हवी असतील तर माध्यमात ऑक्सिन घालायचे, एवढे हे सूत्र सोपे आहे. सोपे नसते ते किती घालायचे, हे ठरवणे.

ऑक्सिन हे नाव नवखे वाटले तरी वस्तू परिचयाची आहे. आंबा आणि द्राक्ष बागायतदार फूल-फळगळ थांबवण्यासाठी जे ‘प्लॅनोफिक्स’ फवारतात, त्यातला घटक एनएए हे एक ऑक्सिनच आहे. रोपवाटिकेत कलमाच्या टोकाला लावतात त्या पावडरीत बहुधा आयबीए असते, तेही ऑक्सिन.

ही कल्पना नवी आहे का?

अजिबात नाही. ऑस्ट्रियाचे गॉटलिब हाबरलांट यांनी १९०२ मध्ये सुट्या वनस्पतिपेशी वाढवण्याची कल्पना मांडली. त्यांच्या पेशी जगल्या, पण विभागल्या नाहीत. १९३४ मध्ये अमेरिकेत फिलिप व्हाइट यांनी टोमॅटोच्या मुळांची टोके द्रव माध्यमात वाढवून दाखवली. झाडाला न जोडलेले मूळ वर्षानुवर्षे वाढू शकते, हे तेव्हा सिद्ध झाले. १९६२ मध्ये तोशिओ मुराशिगे आणि स्कूग यांनी क्षारांचे जे मिश्रण ठरवले, ते ‘एमएस माध्यम’ या नावाने आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाते.

भारत यात मागे नव्हता. दिल्ली विद्यापीठात सिप्रा गुहा आणि सतीश माहेश्वरी यांनी १९६४ मध्ये धोतऱ्याच्या परागकोशांतून रोपे वाढवली; जगभर त्याची दखल घेतली गेली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९९० मध्ये काचेच्या बाटलीत बांबूला फुले आणली. जो बांबू रानात फुलायला कित्येक वर्षे घेतो, तो बाटलीत काही महिन्यांत फुलल्याचा हा निबंध ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. जळगावच्या केळीबागांतली ‘टिश्यू कल्चर’ची रोपे तर महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाहीत.

म्हणजे तंत्र जुने, राज्यात रुजलेले आणि पाठ्यपुस्तकात पोहोचलेले आहे. बारावीच्या जीवशास्त्रात ऊती संवर्धनाचा भाग आहे. विद्यार्थी टोटीपोटन्सीची व्याख्या पाठ करतात, आकृती काढतात आणि गुण मिळवतात. पण व्याख्या पाठ असणे आणि आपण कापलेल्या पानातून तिसऱ्या आठवड्यात पांढरे मूळ डोकावताना पाहणे, यांत फार अंतर आहे.

प्रयोग प्रत्यक्षात कसा होतो?

कुंडीतल्या निरोगी झाडाचे वरून दुसरे-तिसरे कोवळे पान घेतात. वाहत्या पाण्यात धुऊन, साबणाच्या द्रावणात हलवून, ७० टक्के अल्कोहोलमध्ये अर्धा मिनिट बुडवतात. त्यानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणात काही मिनिटे ठेवून निर्जंतुक पाण्याने तीनदा धुतात. मग जंतुविरहित हवेच्या कपाटात पानाचे साधारण एक सेंटिमीटरचे तुकडे करून माध्यमावर ठेवतात.

एक लिटर माध्यमात सुमारे ४.४ ग्रॅम एमएस पावडर, ३० ग्रॅम साखर आणि घट्ट होण्यासाठी ८ ग्रॅम अगर असते. ऑक्सिन मात्र लिटरमागे एखाद-दोन मिलिग्रॅम. सामू ५.८ ला आणून १२१ अंश सेल्सिअसवर १५ पौंड दाबाखाली १५ ते २० मिनिटे ते निर्जंतुक करतात. बाटल्या साधारण २५ अंशांच्या खोलीत राहतात. सगळे नीट जमले तर दोन ते चार आठवड्यांत मुळे दिसू लागतात.

‘सगळे नीट जमले तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. साखर घातलेले माध्यम बुरशीलाही तितकेच आवडते. पावसाळ्यात उल्हास खोऱ्याच्या दमट हवेत एक बेफिकीर हात अख्खी फळी घालवू शकतो. दुसरा त्रास सब्जाचा स्वतःचा. त्याच्या पानात फिनॉल वर्गाची रसायने भरपूर असतात. सफरचंदाची कापलेली फोड काळी पडते तसे पानाचे कापलेले काठ तपकिरी होतात आणि तुकडा मरतो. त्यावर अस्कॉर्बिक आम्ल, सक्रिय कोळसा किंवा तुकडे लवकर नव्या माध्यमावर हलवणे असे उपाय करतात.

पानाच्या निर्जंतुकीकरणासाठी अनेक ठिकाणी मर्क्युरिक क्लोराइड वापरण्याची जुनी सवय आहे. ते प्रभावी आहे, पण पाऱ्याचा विषारी क्षार आहे आणि प्रयोगानंतर त्याचे पाणी बेसिनमधून गटारात जाण्याचा धोका असतो. सब्जासारख्या कुंडीतल्या कोवळ्या पानासाठी आधी हायपोक्लोराइट आजमावून पाहायला हवे. नदी प्रदूषणाबद्दल तळमळीने बोलणाऱ्या गावात पारा नळीतून सोडणे कोणत्याच अर्थाने शहाणपणाचे नाही.

यासाठी मोठी प्रयोगशाळा लागते का?

व्यापारी उत्पादनासाठी लागते, शिकण्यासाठी नाही. हिशेब पाहा. एका बाटलीत २० मिलिलिटर धरले तर एक लिटर माध्यमात ५० बाटल्या होतात. प्रत्येकीत दोन तुकडे ठेवले की १०० निरीक्षणे. ऑक्सिनच्या पाच मात्रा तपासायच्या असतील, तर प्रत्येक मात्रेला २० तुकडे मिळतात. पदवीच्या वर्गासाठी हा पुरेसा मोठा प्रयोग आहे.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००४ मध्ये विकसनशील देशांसाठी स्वस्त ऊती संवर्धनाच्या पर्यायांवर एक पुस्तिका काढली होती. शुद्ध सुक्रोजऐवजी घरची साखर, महागड्या काचेऐवजी साध्या बाटल्या, दिव्यांऐवजी जमेल तिथे सूर्यप्रकाश, असा तिचा सूर आहे. दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी १९९८ मध्ये अगरऐवजी इसबगोल वापरता येतो, हे दाखवले. स्वयंपाकघरातला प्रेशर कुकरही साधारण १५ पौंड दाबावरच चालतो. बाटल्या कमी असतील तर ऑटोक्लेव्हचे काम त्यावर निभावते. खरा खर्च येतो तो जंतुविरहित हवेच्या कपाटाचा आणि एमएस पावडर व संजीवकांचा. पण पावडरीची एक बाटली आणि संजीवकाचे काही ग्रॅम एका वर्गाला कित्येक महिने पुरतात.

त्यामुळे ‘निधी नाही’ हे कारण अर्धेच खरे आहे. कमी पडतो तो बहुधा सलग वेळ. ऊती संवर्धनाचे काम तीन तासांच्या प्रात्यक्षिकात बसत नाही. आज तुकडे ठेवले, उद्या बुरशी पाहिली, आठवड्याने मोजणी केली, महिन्याने नोंद पूर्ण केली, असा त्याचा वेग असतो. वेळापत्रकात ही जागा ठेवायला पैशांपेक्षा इच्छाशक्ती जास्त लागते.

नुसत्या मुळांचा उपयोग काय?

मथळ्यांमध्ये नेहमी होणारा घोटाळा इथे टाळायला हवा. पानातून मूळ आले म्हणजे झाड तयार झाले, असे नाही. झाडासाठी आधी कोंब आणि मग त्याला मुळे लागतात. शिवाय सब्जाचा सुगंध पानांवरच्या सूक्ष्म तैलग्रंथींत तयार होतो. बाटलीतल्या पांढऱ्या मुळांच्या जुडग्याला तो वास येणार नाही. चटणी किंवा पेस्टोसाठी कुंडीच बरी.

मुळांचा उपयोग वेगळा आहे. जमिनीतल्या बुरशी आणि जिवाणूंशी झाडाच्या वतीने मुळेच लढतात आणि त्यासाठी रसायने बनवतात. अमेरिकेतील कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात हर्ष पाल बैस आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये सब्जाच्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मुळांवर काम प्रसिद्ध केले. बुरशीच्या पेशीभित्तिकेचा अर्क दिल्यावर या मुळांत रोझमॅरिनिक आम्ल वाढले आणि त्या आम्लाने मातीतल्या अनेक सूक्ष्मजीवांची वाढ रोखली. १९५८ मध्ये इटलीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी रोझमेरीतून प्रथम वेगळे केलेले हे द्रव्य ऑक्सिडीकरणरोधक म्हणून ओळखले जाते.

याचे महत्त्व औषधी वनस्पतींच्या संदर्भात जास्त कळते. पान तोडले तर झाड जगते, मूळ उपटले तर झाड संपते. सर्पगंधेचे उदाहरण मुंबईशी जोडलेले आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये उच्च रक्तदाबावर सर्पगंधेच्या मुळाचा परिणाम मांडला आणि जगाचे लक्ष या झुडपाकडे गेले. मागणी वाढली, रानातली झुडपे उपटली गेली. आज या वनस्पतीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ कराराचे नियंत्रण आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात सर्पगंधेची मुळे प्रयोगशाळेत वाढवून त्यांतील अल्कलॉइडचा अभ्यास केला. दक्षिण कोरियात जिनसेंगची मुळे आज मोठमोठ्या टाक्यांत औद्योगिक प्रमाणावर वाढवली जातात. सब्जावर हात बसलेला विद्यार्थी उद्या सर्पगंधा किंवा शतावरीकडे वळू शकतो.

‘केसाळ मुळे’ हा काय प्रकार?

बैस यांच्या प्रयोगातली मुळे निव्वळ संजीवकाने आलेली नव्हती. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम रायझोजेन्स नावाचा मातीतला जिवाणू झाडाच्या जखमेतून शिरतो आणि स्वतःची काही जनुके झाडाच्या पेशीत घुसवतो. परिणामी जखमेतून बारीक, भरपूर फाटे असलेली मुळे झुपक्याने निघतात. त्यांना ‘केसाळ मुळे’ म्हणतात. त्यांना वरून ऑक्सिन द्यावे लागत नाही आणि ती वेगाने वाढतात.

जनुकांची अशी घुसखोरी ऐकून दचकण्याचे कारण नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात तपासलेल्या रताळ्याच्या सर्व २९१ लागवडीच्या नमुन्यांत अ‍ॅग्रोबॅक्टेरियमची जनुके सापडली. म्हणजे महाशिवरात्रीला आणि आषाढीला उपवासाच्या ताटात आपण जे खातो, त्यात हा जिवाणू हजारो वर्षांपूर्वीच आपली खूण सोडून गेला आहे. तरीही प्रयोगशाळेत जिवाणू वापरून जनुके बदलताना जैवसुरक्षेचे नियम पाळावे लागतात. म्हणून पदवी महाविद्यालयाने सुरुवात साध्या ऑक्सिनच्या वाटेने करावी आणि केसाळ मुळांकडे एखाद्या विद्यापीठाच्या किंवा राष्ट्रीय संस्थेच्या सोबतीनेच जावे.

याचा उल्हासनगरशी काय संबंध?

इथे गोष्ट कोल्हापूरहून वालधुनीच्या काठावर येते.

शिवाजी विद्यापीठात संजय गोविंदवार, विश्वास बापट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कापड रंगांच्या विघटनावर दीर्घकाळ काम केले. २००९ मध्ये ‘प्लँटा’ या नियतकालिकात त्यांच्या गटाचा एक निबंध आला. झेंडूच्या केसाळ मुळांनी ‘रिअ‍ॅक्टिव्ह रेड १९८’ हा कापडाचा रंग द्रावणातून नाहीसा केला. तीच मुळे पुन्हा पुन्हा वापरता आली. रंग मुळांना नुसता चिकटला नाही, तर तुटला, हे उपकरणांनी तपासले गेले. मुळांतली विकरे त्या कामी आली होती. त्याआधी, २००३ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सुसान इप्पन आणि सहकाऱ्यांनी मोहरीच्या केसाळ मुळांनी पाण्यातले युरेनियम शोषल्याचे दाखवले होते.

आता वालधुनी पाहा. अंबरनाथला इ.स. १०६० मधील शिलाहारकालीन शिवमंदिराला वळसा घालून ती उल्हासनगरात शिरते आणि पुढे कल्याणला उल्हास खाडीला मिळते. वाटेत तिच्यात काय काय मिसळते, याची चर्चा न्यायालयांपर्यंत गेली आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये नदीत बेकायदा रसायन ओतले गेल्यानंतर उल्हासनगरमधल्या शेकडो रहिवाशांना श्वसनाचा त्रास होऊन रुग्णालयात न्यावे लागले. ‘वनशक्ती’ या संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये या पट्ट्यातल्या सांडपाण्याबाबत कठोर आदेश दिला. कॅम्प ५ मधला जीन्सचा धंदा आणि त्यामागची रंगाई-धुलाई हा या वादाचा कायमचा भाग राहिला आहे. लष्करी छावणीच्या बराकींत वसलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीने शून्यातून बाजारपेठ उभी केली. त्या उद्यमशीलतेची किंमत नदीने मोजली.

मग कोल्हापूरची मुळे आणून वालधुनीत सोडली तर? नाही. असे कुणी सांगत असेल तर सावध राहावे.

मुळे नदी का साफ करू शकत नाहीत?

पहिले कारण रंगाचे. कोल्हापूरचा प्रयोग एका विशिष्ट अझो रंगावर होता. जीन्सचा निळा मुख्यतः इंडिगो, त्याच्या जोडीला गंधकयुक्त रंग. रसायन वेगळे, म्हणून निकालही वेगळा येऊ शकतो.

दुसरे, बाटलीतली मुळे जंतुविरहित वातावरणात, साखरेवर जगतात. सांडपाण्यात क्षार, तेल, धातू आणि असंख्य जिवाणू असतात. तिथे अशी नाजूक मुळे किती तग धरतील, हा प्रश्नच आहे.

तिसरे, रंग गेला म्हणजे विष गेले असे नाही. अझो रंग तुटताना अ‍ॅरोमॅटिक अमाइन तयार होऊ शकतात आणि त्यांतले काही मूळ रंगापेक्षा घातक असतात. डोळ्यांना स्वच्छ दिसणारे पाणी स्वच्छ असेलच, असे नाही.

चौथे कारण सगळ्यांत मोठे. नदी साफ करण्याचा मार्ग सांडपाणी उगमापाशी अडवण्याचा आणि प्रक्रिया केंद्रे प्रामाणिकपणे चालवण्याचा आहे. ते काम महापालिका, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि कारखानदारांचे. बाटलीतल्या मुळांनी त्यांना सुट्टी मिळता कामा नये. ‘संशोधन चालू आहे’ हे वाक्य आपल्याकडे फार वेळा निष्क्रियतेवर पांघरूण म्हणून वापरले गेले आहे.

मग महाविद्यालयांनी हे करावेच का?

करावे, कारण यात उल्हासनगरचा स्वतःचा प्रश्न दडलेला आहे : सब्जाची मुळे इंडिगोचे काय करतात? इथल्या वापरातल्या रंगांच्या मिश्रणाचे काय करतात? या प्रश्नाचे उत्तर इथल्या विद्यार्थ्यांइतके दुसऱ्या कुणाला गरजेचे नाही.

प्रयोगाची रचनाही आवाक्यातली आहे. पानातून मुळे वाढवायची. ती रंगाच्या मोजलेल्या द्रावणात ठेवायची. दुसऱ्या बाटलीत तितकीच, पण उकळून मारलेली मुळे ठेवायची आणि तिसरीत नुसते रंगाचे द्रावण. मग कलरीमीटरवर रोज रंगाची तीव्रता मोजायची. जिवंत आणि मेलेल्या मुळांनी सारखाच रंग कमी केला, तर तो फक्त चिकटला. जिवंत मुळांनी लक्षणीय जास्त कमी केला, तर पुढे तपासण्यासारखे काही आहे. शेवटी त्या पाण्यात मूग किंवा गहू उगवून पाहायचा; विषारीपणाची ती पहिली, साधी चाचणी. यातले कलरीमीटरसारखे उपकरण पदवीच्या विज्ञान प्रयोगशाळेत सहसा असतेच.

चांदीबाई हिम्मतमल मनसुखानी आणि आर. के. तलरेजा यांसारखी विज्ञान शाखा असलेली महाविद्यालये उल्हासनगरात आहेत. अंबरनाथ आणि बदलापूरहून रोज शेकडो विद्यार्थी लोकलने शिकायला ये-जा करतात. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागांनी मिळून एक लहान खोली, एक कपाट आणि दर वर्षी पुढच्या तुकडीकडे सोपवली जाणारी एक नोंदवही ठेवली, तरी पाच वर्षांत हाती काहीतरी लागेल. सगळ्या नोंदी उघड हव्यात, फसलेल्या प्रयोगांच्याही. ‘सब्जाच्या मुळांचा इंडिगोवर परिणाम झाला नाही’ हेही उपयोगी उत्तर आहे. पुढच्या विद्यार्थ्याचे एक वर्ष त्याने वाचते.

महापालिकेने आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने इथे एक साधे काम करावे. विद्यार्थ्यांना सांडपाण्याचे नमुने सुरक्षितपणे, तपासणीच्या आकड्यांसह उपलब्ध करून द्यावेत. कुणालाही वालधुनीच्या नाल्यात उतरून बाटली भरायला पाठवू नये. तपासणीचे आकडे शहरासमोर असले, तर प्रयोगाचा निकाल काहीही येवो, नदीत काय जाते याची माहिती एका नव्या पिढीच्या हाती येईल. कदाचित याच कारणासाठी काहींना ही कल्पना फारशी रुचणार नाही.

विद्यार्थ्यांना यातून काय मिळेल?

रोजगाराची हमी नाही. व्यापारी ऊती संवर्धन प्रयोगशाळा, औषधनिर्मिती आणि गुणवत्ता तपासणी या क्षेत्रांत निर्जंतुक पद्धतीने काम करणारे हात लागतात, एवढे खरे. पण त्याहून मोठी गोष्ट शिस्तीची आहे. ऊती संवर्धनात खोटे बोलता येत नाही. हात नीट धुतले नाहीत तर चौथ्या दिवशी बुरशी सांगते. मात्रा चुकली तर पान तपकिरी होऊन सांगते. जर्नलमधला आलेख उतरवून गुण मिळवण्याची सोय इथे नसते.

आणि ज्या शहरातले तरुण आपल्या नदीबद्दल फक्त नाक दाबून बोलायला शिकले, त्यांना तिच्या पाण्याबद्दल मोजमापाने बोलता येणे ही लहान गोष्ट नाही. हरित लवादासमोर, महापालिकेच्या सभेत किंवा कारखानदारासमोर शेवटी आकडाच उभा राहतो. तो आकडा काढायचा कसा, हे शिकण्याची सुरुवात किराणा दुकानातल्या मूठभर सब्जाने करता येत असेल, तर ती या शैक्षणिक वर्षातच व्हायला हवी.